मातीचें आरोग्य आणि हिरवें पांघरूण

वारंगा फाट्यावरून एक रस्ता हिंगोलीकडे वळतो, एक नांदेडास जातो आणि तिसरा नागपूरच्या दिशेनें निघतो. फाट्याभोंवतालची जमीन काळी. तिच्या प्रकृतीची साक्ष शेतकऱ्यास पिकावरून व ढेंकळावरून मिळते. परंतु नागपूरचा तोच रस्ता धरून पुढें मॅंगनीजच्या खाणींपर्यंत गेलें, कीं हा साधा प्रश्न अवघड होऊन बसतो.

तेथील गुमगांवच्या खाणींतून उपसलेल्या दगडमातीच्या ढिगावर नागपूरच्या 'नीरी' या १९५८ सालीं स्थापन झालेल्या संस्थेनें प्रयोग केला. ढिगांत सेंद्रिय अंश नव्हता, नत्र नव्हतें, ओल टिकत नव्हती. साखर कारखान्यांत रस गाळून उरणारी मळी तेथें घातली, नत्र धरणारे जंतु व मुळांशीं सहवास करणारी बुरशी दिली, आणि झाडें लावलीं. ढीग हिरवा झाला. ही कामगिरी खरोखर अभिनंदनीय होय.

तथापि, हिरवें झालें म्हणजे निरोगी झालें काय? धातु कुजत नाहीं, जळून नाहींसा होत नाहीं. सेंद्रिय द्रव्य त्यास बांधून ठेवतें. पण जमीन आम्ल झाली अथवा पाणी साचून राहिलें, तर मॅंगनीज पुन्हां विरघळून मुळांपर्यंत पोंचतें. म्हणून धातूचें वजन किती, एवढेंच विचारून भागत नाहीं. गळलेलें पान कुजतें काय, गांडूळ तेथें राहतें काय, माती श्वास घेते काय, हें पाहावें लागतें. आणि तुलना करावयाची ती शेजारच्या न उकरलेल्या जमिनीशीं, कारण त्या भागांत धातु मुळांतच अधिक असूं शकतो.

येथवर शास्त्र सांगतें. पुढचा प्रश्न नीतीचा आहे. खाणवाल्यास धूळ उडाली नाहीं म्हणजे पुरे. वनाधिकाऱ्यास झाड जगलें म्हणजे पुरे. पायथ्याच्या शेतकऱ्यास मात्र तेथलें धान्य लेंकरास निर्धास्तपणें घालतां आलें पाहिजे. आरोग्याची व्याख्या यांपैकीं कोणी करावी? माझ्या मतें, ज्यास ती जमीन सोडून जातां येत नाहीं त्यानें. ज्यानें कर्ज काढलें त्यानेंच फेडीची पावती लिहावी, हा व्यवहार सावकारीतही कोणी मान्य करीत नाहीं.

बोटभर माती घडण्यास शतकें लागतात. तेव्हां खाण उघडण्यापूर्वीं वरची माती निराळी जपून ठेवणें हें पहिलें कर्तव्य. मागाहून झाडें लावणें हें दुसरें. हिरवें पांघरूण ही फेडीची सुरुवात आहे. तिला फेड म्हणूं नये.