लाखोळीची पायली

छत्तीसगडच्या सीमेलगत, गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यात चिचगड नावाचे गाव आहे. भोवती जंगल, जंगलात विखुरलेली गोंड-हलबांची गावे आणि मधल्या सखल जमिनीवर धानाच्या बांध्या, असा हा मुलूख. काही वर्षांपूर्वी त्या परिसरातील एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघराची जबाबदारी आमच्याकडे होती आणि त्या निमित्ताने चिचगडच्या आठवडी बाजारात आमचे जाणे-येणे होते. शहरातून आलेल्या माणसाला तो बाजार प्रथमदर्शनी केविलवाणा वाटतो. एकेका बाईपुढे मूठ-दोन मूठ माल. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना तिकडे वास्ते म्हणतात, आणि सात्या नावाची अळिंबी. उन्हाळ्यात मोहफुले आणि चारोळी. एरवी जवस, तीळ, उडीद, तळ्यातली मासोळी. सकाळी घरून जे डोक्यावर निघाले ते दुपारी विकले जाते आणि त्याच पैशांत मीठ, तेल, कांदे-बटाटे घेऊन बाई संध्याकाळी आपल्या पाड्याची वाट धरते. तराजूपेक्षा पायलीवर आणि पायलीपेक्षा ओंजळीवर तेथे अधिक विश्वास.

अशा एका बाजारात एका वृद्ध बाईने आमच्यापुढे आपली टोपली सरकवली. टोपलीत पिवळसर डाळ होती. ‘‘घ्या ना जी फादर, घरची आहे.’’ आम्ही वाकून पाहिले. ती लाखोळी होती. लाखोळीने पाय लुळे पडतात, तिच्या विक्रीवर बंदी आहे, हे आम्ही सेमिनरीत जाण्यापूर्वी शाळेतच शिकलो होतो. ते आम्ही बाईला, थोड्या उपदेशाच्या सुरात, सांगितले. पोरांच्या जिवाशी खेळ नको, असेही म्हणालो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि टोपलीवर फडके ओढत म्हणाली, ‘‘नाही विकली त घरी नेऊ न आमीच खाऊ जी.’’

तिच्या बोलण्यात राग नव्हता. बाजार संपला की उरलेल्या मालाचे काय होते एवढेच तिने सांगितले. त्या वेळी आम्ही पुढे निघून गेलो. पण परतीच्या वाटेवर ते वाक्य आमच्याबरोबर आले आणि अद्यापि गेलेले नाही.

लाखोळी, कोणी तिला लाखोरी किंवा नुसती लाख म्हणतात, उत्तरेकडे खेसरी, छत्तीसगडात तिवडा. हे पूर्व विदर्भातील धानउत्पादक पट्ट्याचे जुने पीक आहे. धान उभे असतानाच, कापणीच्या दोन-तीन आठवडे आधी, ओल्या बांधीत तिचे बी फेकतात. या पद्धतीला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, पाणी नाही, खत नाही. धान कापून नेले की उरलेल्या ओलीवर लाखोळी वर येते आणि जाताना जमिनीला नत्र देऊन जाते. कोवळा पाला भाजीला होतो, तोच वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवतात. दाण्याची डाळ होते, तिचे वरण, वडे, भजी होतात. भुसा गुरांना जातो. प्रथिनांचे प्रमाण शेकडा पंचविसांहून अधिक. ज्याच्याकडे एक बांधी आणि दोन हात यांखेरीज काही नाही, त्याला याहून स्वस्त डाळ देवाने दिलेली नाही.

आणि तरी तिच्याविषयीचे भय खोटे नव्हते. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध झालेले इंग्रज अधिकारी स्लीमन यांनी सागर प्रांतातली हकिकत लिहून ठेवली आहे. 1829 पासून तेथे लागोपाठ गव्हाचे पीक बुडाले आणि शेतात खेसरी मात्र राहिली. लोकांनी तीच खाल्ली आणि दोन-तीन वर्षांत गावोगावची तरणीताठी माणसे कमरेखाली पांगळी झाली. हा रोग प्राण घेत नाही. पाय घेतो आणि परत देत नाही. काठीवर आलेला माणूस पुढे हातांवर सरपटू लागतो. स्पेनचा चित्रकार गोया याने 1811-12 च्या माद्रिदमधील दुष्काळावर केलेल्या एका मुद्राचित्रात हेच पीक आहे. त्यात या डाळीची पेज वाटली जात असून भुकेली माणसे तिच्याभोवती जमली आहेत. चित्राच्या नावात गोयाने या डाळीचे आभार मानले आहेत. जमिनीवर मात्र एक बाई पडून आहे. त्याहून भयंकर प्रकार दुसऱ्या महायुद्धातला. आज युक्रेनमध्ये असलेल्या वाप्नियार्का येथील छावणीत 1942-43 च्या हिवाळ्यात ज्यू कैद्यांना जनावरांच्या चाऱ्यातली ही डाळ खाऊ घातली गेली आणि शेकडो कैदी लुळे पडू लागले. कैद्यांमधलेच एक डॉक्टर, आर्थर केसलर, यांनी कारण ओळखले. आपल्याकडे रीवा-सतना भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून खेसरी मोजून देण्याची रीत होती आणि या रोगाची मोठी नोंदही त्याच भागातली आहे.

या सर्व कहाण्या शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. कोठेही ही डाळ एका घासापुरती अपायकारक ठरलेली नाही. दोन-तीन महिने जिच्याखेरीज दुसरे फारसे अन्न पोटात जात नाही, तेव्हा तिचा विषार चढतो. दुष्काळग्रस्त, वेठबिगार, कैदी: तिघांच्या ताटात दुसरे काही नव्हते आणि तिघांपैकी कोणाचाही ते ताट वाढण्यात हात नव्हता.

1961 मध्ये शासनाने खाद्यभेसळ प्रतिबंधाच्या कायद्याखाली या डाळीच्या विक्रीवर बंदी आणली. डाळीतले नेमके विषद्रव्य भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी 1964 साली, म्हणजे बंदीनंतर, वेगळे काढले, हा एक योगायोग. बंदी घालणारे निर्दय होते असे आम्हास म्हणवत नाही. पांगळे तरुण ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, त्यांनी हाताशी असलेले शस्त्र उचलले. परंतु ते शस्त्र पडले कोणावर? मालकाने मजुरी काय द्यावी यावर ते पडले नाही. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा त्यानंतर पंधरा वर्षांनी, 1976 साली आला. ते पडले बाजारात टोपली घेऊन बसलेल्या बाईवर. शिवाय बंदी विकण्याला होती, खाण्याला नव्हती. स्वतःच्या बांधीतली डाळ स्वतःच्या चुलीवर शिजवण्यास कोणाची आडकाठी असणार? म्हणजे विकता येत नाही म्हणून तिने ती सगळी स्वतःच खावी, नाहीतर मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याच्या घशात घालावी आणि व्यापाऱ्याने ती तुरीच्या डाळीत आणि बेसनात मिसळून शहराला चढ्या भावाने विकावी, अशी ती व्यवस्था झाली. लाखोळीची भेसळ हा शब्द आपण सर्वांनी वर्तमानपत्रात वाचलेला आहे. जिच्यावर सार्वजनिक आरोग्याचे रक्षण सोपवले होते, त्या बंदीने डाळ उघड्या टोपलीतून काढून बंद पुडीत नेली. आमच्या वसतिगृहाचे बेसन अशा पुडीतूनच येत असे. त्यात काय होते ते आम्ही कधी विचारले नाही.

म्हातारीच्या त्या एका वाक्यात हे सगळे होते. लाखोळी एकटीच खाल्ली तर अपाय. आणि ती एकटीच खावी लागू नये याचा गरिबाजवळ असलेला उपाय म्हणजे बाजार. एक पायली लाखोळी विकली की तिचे तेल होते, कांदा होतो, कधी पावशेर तुरीची डाळ होते. आम्ही तिला बाजारातून परत पाठवली ती नेमकी त्या धोक्याकडे, ज्याच्यापासून तिला वाचवण्याचा आमचा दावा होता.

या प्रश्नावर ज्यांनी आपल्या आयुष्याची अनेक वर्षे वेचली ते नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी. अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट या आपल्या संस्थेच्या वतीने त्यांनी लाखोळीवरील बंदी उठावी म्हणून दशकानुदशके पाठपुरावा केला. विदर्भातील लोक पिढ्यान्‌पिढ्या ही डाळ इतर अन्नासोबत खात आले आहेत, ती प्रथिनांचे स्वस्त साधन आहे आणि बंदीचा लाभ महाग डाळी विकणाऱ्यांना होतो, हे त्यांचे म्हणणे. याच संस्थेने आयोडीनयुक्त मिठाच्या सक्तीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती आणि 2011 मध्ये न्यायालयाने तो नियम कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरवला. गृहस्थ चिवट, हे यावरून दिसते. मिठाच्या बाबतीत त्यांचे मत आम्हास पटलेले नाही, हेही सांगून टाकतो. गलगंडाचे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. पण एखाद्या माणसाचे एक मत पटले नाही म्हणून त्याचे दुसरे ऐकूच नये, ही सवय आपल्या समाजात, आणि पॅरिशच्या सभांतही, फार बोकाळली आहे.

लाखोळीच्या बाबतीत पुढे संशोधन झाले. रतन, प्रतीक, महातिवडा ही कमी विषाची वाणे निघाली. 2016 च्या आरंभी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या वाणांना अनुकूलता दर्शवल्याच्या बातम्या आल्या. केंद्राच्या 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांत मात्र या डाळीच्या विक्रीवरचा जुना प्रतिबंध तसाच घेतला गेला होता. शास्त्रज्ञांमध्येही एकमत नाही, आणि संशय घेणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. पाण्याचा ताण पडला की दाण्यातले विष वाढते, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे दुष्काळात, जेव्हा दुसरे काही पिकत नाही आणि माणूस लाखोळीवरच येऊन पडतो, तेव्हाच ती अधिक घातक. जो कोणी स्थानिक अन्नाची थोरवी गातो त्याने ही गोष्ट गिळून टाकता कामा नये. जे आपल्या मातीतले ते सर्व हितकारक, हा भाबडेपणा होय. माती आईसारखी असली तरी तिच्या पोटी विषारी कंदही येतात.

बायबलमध्ये डाळीच्या दोन गोष्टी आहेत. एसाव रानातून भुकेने व्याकूळ होऊन आला आणि वाटीभर मसुरीच्या वरणासाठी त्याने आपला ज्येष्ठत्वाचा हक्क धाकट्या भावाला देऊन टाकला. दानिएल बाबेलच्या राजवाड्यात होता. राजाच्या ताटातली पक्वान्ने समोर असता त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी साधे शाकान्न मागून घेतले आणि दहा दिवसांनी ते इतरांहून सतेज दिसले. आम्ही पुष्कळ वर्षे पहिली गोष्ट अधीरतेच्या दोषावर आणि दुसरी संयमाच्या गुणावर उपदेश करण्यास वापरली. आता वाटते, दानिएलला नाकारता येईल असे काहीतरी समोर होते. एसावासमोर एकच पातेले होते आणि ते दुसऱ्याच्या हातात होते. एसावाला अधीर म्हणताना याकोबाला आपण काय म्हणतो? भुकेल्या भावाशी सौदा करणाऱ्याच्या दोषावर आम्ही एकही प्रवचन दिल्याचे आम्हास आठवत नाही.

पोप अकरावे पायस यांनी 1931 च्या आपल्या परिपत्रकात एक तत्त्व मांडले आहे. लहान समूहाला स्वतःच्या बळावर जे करता येते ते मोठ्याने त्याच्याकडून काढून घेणे हा अन्याय होय. मोठ्याचे काम आधार देण्याचे. ताटाला हे तत्त्व लावून पाहावे. काय शिजवावे, कसे शिजवावे, कशासोबत खावे हे चिचगडच्या पाड्यावरील बाईला कळते. तिच्या ताटात दुसरा पदार्थ यावा एवढे बळ तिच्या एकटीकडे नाही. ते शासनाचे आणि समाजाचे काम. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य दिले, 2023 पासून ते विनामूल्य झाले. हे मोठे काम आहे आणि पांगळेपणाचे नवे रुग्ण आज क्वचितच आढळतात याचे श्रेय बंदीपेक्षा अशा धान्याला आणि रोख मजुरीला अधिक असावे, असा आमचा समज आहे. पण त्या धान्यात डाळीची हमी नाही.

आपल्यापैकी जे वसई-मुंबईकडे राहतात, त्यांच्या घरी हल्ली नाचणी, वरी, हातसडीचा तांदूळ मोठ्या कौतुकाने येतो. शहरांत शेतकऱ्यांचे बाजार भरतात, तेथे आपण चार पैसे अधिक देतो आणि समाधानाने परततो. त्यात वाईट काही नाही. वसईच्या आपल्याच पूर्वजांनी भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन मुंबई गाठली होती. पिकवणारा आणि खाणारा समोरासमोर येणे किती मोलाचे हे आम्हास कोणी शिकवायला नको. फक्त, आपण दानिएलच्या जागी बसून हे साधे अन्न निवडत आहोत, याचा विसर पडतो. गरिबाचे अन्न आपल्या ताटात आले की ते पथ्य होते. गरिबाच्या ताटात असते तेव्हा आपण त्याला एकतर अज्ञान म्हणतो, नाहीतर परंपरा म्हणून ओवाळतो.

पुढच्या बाजारी आम्ही त्या बाईला शोधले. वसतिगृहासाठी लाखोळी घेतली नाही. परक्यांच्या लेकरांच्या ताटावर आपल्या मताचा प्रयोग करण्याचा अधिकार आम्हास नव्हता. तसा विचार करता तिला उपदेश करण्याचाही नव्हता. स्वतःच्या चुलीसाठी एक पायली मागितली. विक्रीस प्रतिबंध असलेली वस्तू आम्ही विकत घेतली, हे येथे नोंदवतो. तिने पायली शिगोशीग भरली, वर एक ओंजळ घातली, पैसे मोजून कनवटीला लावले आणि मग आमच्याकडे जरा संशयाने पाहिले.

‘‘पहिलं पानी फेकून देजा जी फादर,’’ ती म्हणाली. ‘‘अन् नुसती नोका खाऊ. भातासंगं, भाजीसंगं खाजा.’’