दान की ऋणफेड?

सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना इच्छापोर गाव लागते. जवाहिरांच्या उद्योगामुळे त्याचे नाव आता दूरवर गेले आहे. तरी नाक्यावरचे दृश्य आपल्या ओळखीचेच आहे: पानाचे दुकान, टांगलेल्या पुड्या आणि तळहातावर तंबाखू चोळणारा श्रमिक. त्या पुडीच्या किमतीतील काही अंश कररूपाने सरकारी तिजोरीत पडतो. अहमदाबादेस १९७२ साली स्थापन झालेली गुजरात कर्करोग व संशोधन संस्था राज्य सरकार आणि गुजरात कॅन्सर सोसायटी मिळून चालवितात. म्हणजे व्यसनावर कर घेणारे आणि त्या व्यसनाच्या रोगावरील संशोधनास पैसा देणारे सरकार एकच. हे नीतीला धरून आहे काय?

देवस्थानांशी संबंध असलेल्या वाचकांस हा प्रश्न नवा वाटणार नाही. अन्यायार्जित द्रव्याच्या दानाने पुण्य लाभत नाही, असे आपली परंपरा सांगते. मग असा पैसा विद्येच्या कामी तरी का घ्यावा? माझ्या मते चूक 'दान' या शब्दात आहे. सरकार येथे दाता नव्हे, ऋणको आहे. ज्याच्या व्याधीतून महसूल मिळाला, त्याचे ते देणे लागते. दान नाकारता येते. ऋणफेड नाकारण्याचे कारण नाही. मात्र ऋण फेडणाऱ्याने पुण्याचा टिळा लावून मिरवू नये.

कोणी म्हणेल, तंबाखू घातक हे ठाऊक असता संशोधन कशाला? पण हे ज्ञान आयते मिळालेले नाही. १९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले. सुरतही तेव्हा मुंबई राज्यातच होती. पाश्चात्त्य जगात सिगारेट आणि फुप्फुस यांचीच चर्चा चालली असता डॉ. वसंत रामजी खानोलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली तंबाखू चघळणे आणि तोंड-घशाचा कर्करोग यांचा संबंध पुढे मांडला. आपल्या लोकांच्या सवयीविषयीचा प्रश्न आपल्याच माणसांना सुचला. उलट १९५४ साली अमेरिकेतील सिगारेट-कंपन्यांनी स्वतःची संशोधन समिती स्थापिली आणि पुढे कित्येक वर्षे शंका जिवंत ठेवण्याचे काम तिच्याकडून करवून घेतले. पैसा कोणाचा, यावर प्रश्न कोणता विचारला जाईल हे पुष्कळदा ठरते. म्हणूनच ही जबाबदारी लोकांच्या सरकारची आहे. सुपारीने आखडलेला जबडा पूर्ववत कसा करावा, यासारखे प्रश्न आजही उत्तराची वाट पाहत आहेत.

तथापि एक धोका उरतोच. संशोधनाचा निधी व्यसनावर पोसला गेला, तर व्यसन टिकावे अशी सुप्त इच्छा उत्पन्न होणार नाही काय? कॅलिफोर्निया राज्यात १९८८ साली मतदारांनी सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर २५ सेंट जादा कर बसविला आणि त्यातील ५ टक्के संशोधनास नेमून दिले. लोक धूम्रपान सोडतात तसा तो निधी आटतो. आणि त्या आटण्यातच त्याचे साफल्य आहे. आपणही हीच कसोटी लावावी. महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांनी २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. पण पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकून ती निष्फळ केली जाते. जे सरकार बंदी ढिली ठेवते, ते संशोधनास कितीही पैसा देवो, त्याचे ऋण वाढतच राहते.

संशोधनासाठी अनुदान मागताना आपण याचकाचा सूर लावू नये. इच्छापोरच्या नाक्यावरील त्या श्रमिकाने आपला वाटा पुडीगणिक आधीच भरलेला आहे.