न दुखणारे दुखणे

दिवाळीच्या अंकात मूत्राशयाच्या कर्करोगाची गोष्ट काढणे कोणाला औचित्यभंग वाटेल. पण दिवाळी हा उजेडाचा सण आणि मलाही उजेडाविषयीच बोलायचे आहे. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. वैद्यकातला माझा अधिकार शून्य. प्रश्न मात्र सर्वांचाच आहे : जे दुखत नाही, ते शोधायला जावे काय?

देहाच्या आत डोकावण्याची माणसाची धडपड जुनी. १८०६ च्या सुमारास फ्रँकफुर्टच्या बोझिनीने त्यासाठी मेणबत्तीवर चालणारे यंत्र केले. १८७९ साली निट्झेने व्हिएन्नात मूत्राशयाची दुर्बीण दाखविली. तिच्यात प्लॅटिनमची तार तापून उजेड देई. आज उजेडाला तोटा नाही. तरीही या कर्करोगाचा एक प्रकार अस्तरावर सपाट पसरतो आणि पांढऱ्या उजेडात सर्जनच्या नजरेतून निसटू शकतो. म्हणून काही ठिकाणी तपासणीपूर्वी तासभर एक औषध नळीने मूत्राशयात ठेवतात. मग निळा प्रकाश टाकला की रोगट पेशी तांबूस चमकतात. मात्र नुसती सुजलेली जागाही कधी तशीच चमकते. म्हणून तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून निवाडा होत नाही. संशय तत्पर, निवाडा सावकाश! माणसांना पारखताना आपण नेमके उलट करतो.

पण या दुर्बिणीपर्यंत माणूस पोचला तर ना! आमच्या परभणीकडे ऊन कडक. लघवी लाल झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणायचे आणि धन्याचे पाणी प्यायचे. दोन दिवसांत लाली जाते, बिडी पुन्हा पेटते. दर वेळी ते रक्त कर्करोगाचेच असते असे नाही; पण या रोगाचे रक्त बहुधा वेदनेवाचून येते व आपणहून थांबतेही, आणि तंबाखूचा धूर हे त्याचे एक मोठे कारण आहे. पुरुष लाजेने बोलत नाही. बाई तर ‘बायकांचेच काहीतरी’ म्हणून गिळून टाकते.

‘न कळलेलेच बरे’ असे म्हणणारा स्वतःपुरता सुखी असेलही. पण त्या सुखाची किंमत पुढे घरच्यांना मोजावी लागते. ज्या देहावर चार माणसांची भाकरी अवलंबून आहे, तो एकट्याचा कसा? म्हणून मला वाटते, देहाने एकदा खूण दिली की शोध घेणे हे कर्तव्यच होय. सर्जनचा निळा दिवा फार पुढचा. त्याआधी घरात कोणीतरी तोंड उघडले पाहिजे, आणि ऐकणाऱ्याने हसता कामा नये.