मावळ्याला रंग देण्याआधी

दिवाळीच्या किल्ल्याचा माळ्यावरचा खोका खाली आला आहे. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले मावळे, एक तोफ, सिंहासनावरचे महाराज, शेपूट तुटलेला वाघ. यातला एकच मावळा उचला, बाकीचे गुंडाळलेलेच राहू द्या. बाटल्या उघडू नका. कुठला निळा घ्यावा हा विचारही आत्ता नको. पाच मिनिटं त्याला नुसतं हातात धरून बसा.

त्याचं वजन तळहातावर येऊ द्या. जड आहे की पोकळ? गार लागतो का? आता उलटा करा. तळाला बहुतेक वेळा रंग नसतो, त्यामुळे तो कशाचा आहे ते तिथेच कळतं. नखाने हलकं ओरखडा. पांढरी पूड आली तर प्लास्टर, तांबूस रेघ उठली तर भाजलेली माती, आणि नखच घसरलं तर प्लॅस्टिक.

आता बोट पाण्यात बुडवून एक थेंब तळावर सोडा आणि बघत राहा. घाई नको. श्वास एकदा आत, एकदा बाहेर. प्लास्टर तेवढ्यात थेंब पिऊन टाकतं, मागे नुसता ओलसर डाग उरतो. प्लॅस्टिकवर तोच थेंब अळूच्या पानावर बसावा तसा गोल बसून राहतो. तुमच्या रंगाचं पुढे काय होणार, ते या थेंबाने सांगून टाकलं.

दुकानात जाऊन आपण "लाल द्या" म्हणतो. पण लाल म्हणजे बारीक पूड. ती पूड धरून ठेवणारं जे बाटलीत असतं, डिंक, तेल, ॲक्रिलिक किंवा लाख, ते आपण खरं म्हणजे विकत घेत असतो. पोस्टर कलरमधला बंध वाळल्यावरही पाण्यात पुन्हा सुटतो. कागदावर त्याने काही बिघडत नाही. पण किल्ला अंगणात असतो आणि दिवाळीच्या पहाटे दव पडतं. मी सहावीत असताना माझ्या सगळ्या मावळ्यांचे अंगरखे धाकट्या भावाच्या बोटांवर उतरले होते, आणि मार मात्र त्याला बसला. चूक माझ्या रंगाची होती. ॲक्रिलिकही पाण्यातच कालवतात, पण पाणी उडून गेलं की त्यातले कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो. मग ओल लागली तरी तो सुटत नाही. अंगणातल्या मावळ्यासाठी माझं मत ॲक्रिलिकला.

मात्र थेंब पिणारा तळ आठवा. अशा अंगावर थेट रंग लावला तर पहिला हात आत जातो, दुसरा डागाळतो आणि तिसऱ्यापर्यंत आपला धीर सुटतो. म्हणून आधी अस्तर. पांढरा प्रायमर चालेल, नाहीतर पांढरा गोंद पाण्यात पातळ करून एक हात मारा. सावंतवाडीच्या गंजिफांना रंगाआधी चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचं अस्तर देतात. हातात मावेल एवढ्या गोल पत्त्यावर दशावतार रंगवायचे आणि सुरुवात करायची चिंचोके भिजवण्यापासून! त्या कारागिराला क्षणभर मनाने आपल्या शेजारी बसवा.

प्लॅस्टिकचं दुखणं उलटं. ते काही पीत नाही, त्यामुळे रंगाला धरायला जागा नसते. भांड्यांच्या साबणाने धुऊन त्यावरचा तेलकटपणा घालवा, पुसून नीट वाळवा, बारीक पॉलिशपेपर हलकेच फिरवा. मग खेळणं वाकवून पाहा. मेणचट, वाकणारे स्वस्त सैनिक बहुधा पॉलिथीनचे असतात. त्यांच्यावर कुठलाच रंग धड टिकत नाही, तलवार एकदा वाकली की पोपडा निघतो. ते आहेत तसे राहू द्यावेत असं मी म्हणेन. दाबल्यावर दबणारी, रबरासारखी बाहुली असेल तर ऑइल पेंटपासून लांब राहा. तिला मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू रंगात उतरतं, आणि महिन्यांनंतरही अंगठा लावला की चिकटतो. कडक प्लॅस्टिकचा शत्रू वेगळा. एका घोड्यावरचा जुना रंग काढायला मी घरातलं नेलपॉलिश काढायचं पाणी वापरलं. रंग गेला, आणि घोड्याचं नाकही गेलं. त्या पाण्यातलं ॲसिटोन तसल्या प्लॅस्टिकला विरघळवतं, आणि जहाल थिनरचे रंगही तेच करतात.

आता मावळा खाली ठेवा आणि तो ज्याच्या हातात जाणार आहे तो हात डोळ्यांसमोर आणा. मोठ्या माणसाचा, कपाटात ठेवून बघणारा? की दोन वर्षांच्या बाळाचा, जो दिसेल ते तोंडात घालतो? माळ्यावर त्याच खोक्याशेजारी घरच्या रंगाचा जुना डबा असेल, अर्धा उरलेला झगझगीत पिवळा. त्याला हात लावू नका. पिवळ्या-नारिंगी रंगांत शिशाचं क्रोमेट सर्रास असायचं. घरगुती रंगांत शिसं दहा लाख भागांत 90 भागांहून जास्त नको, हा आपल्याकडचा नियम 2016 चा, आणि तो लागू झाला 1 नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या डब्यात काय आहे ते झाकण उघडून वासावरून कळत नाही. बाळाच्या खेळण्यासाठी खेळण्यांकरता सुरक्षित म्हणून विकला जाणारा रंग घ्या, किंवा लाखेचा भोवरा आणा. कारागीर लाकूड चरकावर फिरवतो, त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवतो आणि घासण्याच्या उष्णतेनेच लाख वितळून चढते. लाखेच्या खेळण्यांच्या चन्नपट्टणला ती केवड्याच्या पानाने सारखी करतात. तिथे ब्रशही नाही आणि थिनरही नाही.

डोळे मिटा. बोटांना अजून तो तळ आठवतो का, खडबडीत की गुळगुळीत? आठवत असेल तर दुकानात काय मागायचं ते तुम्हाला कळलं आहे.

आज फक्त अस्तर. पातळ, एकाच दिशेने. मग ब्रश धुऊन ठेवा. उद्या अंगरखा, आणि तोही दोन पातळ हातांत. एका जाड हाताने मिशीची रेघ बुजून जाते. डोळ्यांची आखणी दिवसाउजेडी करा, रात्री पिवळ्या बल्बखाली गडद निळा आणि काळा वेगळे ओळखू येत नाहीत. वसुबारस अजून आठ दिवसांवर आहे.