आजीचे गाव

दाखला मागायला कुणी आले, की आम्ही धर्मग्रामाची जुनी बाप्तिस्म्याची वही उघडतो. नाव सापडले की समोरच्याचा चेहरा खुलतो. तो आनंद आजोबा सापडल्याचा की काम झाल्याचा, हे मात्र आम्हांला कधी कळत नाही.

आयर्लंडमध्ये हाच प्रश्न कायद्याचा झाला आहे. ज्याची आजी किंवा आजोबा त्या बेटावर जन्मले, तो स्वतः अमेरिकेत वा इंग्लंडात जन्मला असला, तरी परदेशातील जन्मांच्या नोंदवहीत नाव घालून आयरिश नागरिक होऊ शकतो. पिढ्यांचे दाखले हवेत. तेथे राहण्याची अट नाही. 2016 साली ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला आणि कितीतरी इंग्रजांना आपली आयरिश आजी एकाएकी आठवली!

हसू येते खरे. पण 1845 पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात तेथे सुमारे दहा लाख माणसे मेली, जवळजवळ तितकीच देशोधडीला लागली आणि पुढेही पिढ्यान्‌पिढ्या जात राहिली. भुकेने ज्यांनी घर सोडले, त्यांच्या नातवंडांसाठी दार उघडे ठेवणे आम्हांला न्यायाचे वाटते. संत पौलानेही जन्माने मिळालेले रोमी नागरिकत्व फटके चुकवायला वापरलेच. सरदाराने मात्र तेच पुष्कळ पैसे मोजून घेतले होते. पौलाने त्यासाठी काय केले होते? काहीच नाही.

अडचण पुढे आहे. जून 2004 मध्ये आयर्लंडने सार्वमत घेतले. तोवर तेथे जन्मलेले मूल जन्मतःच नागरिकत्वाचे हक्कदार असे. सुमारे 79 टक्के मतदारांनी तो नियम बदलण्याच्या बाजूने मत दिले. 2005 पासून परदेशी आईबापांच्या मुलाला, त्यांच्यापैकी एकाचे तेथे पुरेशा वर्षांचे कायदेशीर वास्तव्य असेल, तरच सहसा तो हक्क मिळतो. म्हणजे डब्लिनमध्ये जन्मून तेथल्याच शाळेत जाणारे मूल परके ठरू शकते, आणि आजीचे गाव कधीही न पाहिलेला बॉस्टनचा गृहस्थ आपला. केरळच्या अनेक परिचारिका तेथील रुग्णालयांत राबतात. त्यांच्यातल्या नव्याने गेलेल्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही.

त्या गृहस्थाने अर्ज जरूर करावा. फक्त एवढे आठवावे: त्याची आजी बॉस्टनच्या धक्क्यावर उतरली, तेव्हा अमेरिकेत 1868 ची घटनादुरुस्ती लागू होती. तिचे मूल त्या मातीवर जन्मले आणि त्याच दिवशी अमेरिकन झाले. त्याची आजी कुठली, हे कुणी विचारले नव्हते.