उडी, हिसका आणि प्लुती

आरशासमोर उभे राहून स्वतःच्या डाव्या डोळ्यावरून उजव्या डोळ्याकडे नजर नेली, तर डोळा हललेला आपल्याला कधीच दिसत नाही. शेजारच्या माणसाला मात्र तो स्वच्छ दिसतो. वाचतानाही हेच घडते. दृष्टी ओळीवरून संथ वाहत जाते असे आपण मानतो, परंतु वस्तुतः ती एखाद्या शब्दावर सेकंदाच्या सुमारे चतुर्थांशाइतकी थबकते आणि एकदम पुढे जाऊन पडते. दरम्यान जे घडते त्याची नोंद मेंदू आपल्या दप्तरी होऊच देत नाही. एमिल जाव्हाल या फ्रेंच नेत्रवैद्याने १८७९ च्या सुमारास या गतीसाठी वापरलेला 'सकाद' हा शब्द मूळचा घोड्याच्या लगामाला दिलेल्या हिसक्याचा. पण हिसका म्हटला की तो देणारा परका हात आला. डोळा तर आपले लक्ष्य आधी हेरून निघतो, म्हणून घारीची 'झेप' त्याला अधिक शोभते.

उडीची ही भाषा इतर शास्त्रांतही भेटते. जीवजाती हळूहळू बदलतात की उड्या घेत, हा वाद डार्विन आणि हक्सले यांच्यात १८५९ पासूनच होता. मला अधिक सलतो तो मज्जातंतूंचा दाखला. स्निग्ध आवरणाच्या तंतूतून संदेश सेकंदाला शंभर मीटरांहून अधिक वेगाने जाऊ शकतो, आवरणहीन तंतूतून जेमतेम एखादा मीटर. आणि या वेगाचे कारण म्हणून, रांव्हिए यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उघड्या सांध्यांवरून तो उड्या मारीत जातो, असे पाठ्यपुस्तके सांगतात. विद्यार्थ्याला वाटते, मधली जागा रिकामीच. वास्तविक तंतूच्या आतून विद्युत्प्रवाह त्या जागेतूनही जातच असतो; सांध्यापाशी त्याला केवळ नवे बळ मिळते.

यासाठी शब्द हवा असेल, तर तो आपल्या व्याकरणशास्त्रात तयार आहे. पाणिनीच्या एका सूत्रातील पद मधली काही सूत्रे ओलांडून पुढच्या सूत्रात लागू होते, तेव्हा भाष्यकार त्याला 'मंडूकप्लुती' म्हणतात. मधली सूत्रे जागच्या जागी असतात, त्या पदाचा अंमल तेवढा तेथे चालत नाही. क्रम अभंग, प्रभाव ठायी ठायी, हीच तर तंतूची रीत! म्हणून पाठ्यपुस्तककारांना माझी विनंती आहे की त्यांनी उडी बेडकाकडेच राहू द्यावी, आणि मज्जातंतूसाठी 'प्लुती' हा शब्द निःसंकोच योजावा.