एक गरी पुरे

गेल्या वर्षी नवरात्रापूर्वी घराची साफसफाई चालली होती. पडवीतली माझी मासे धरण्याची पेटी हलवायची होती, आणि ती एकट्याने उचलेना. शेवटी उघडून सारे सामान अंगणात पसरले आणि आयुष्यात प्रथमच मी ते मोजले. लहानमोठ्या ४२ गऱ्या, रंगीत नकली मासे ११, रिळे ३, काठ्या ४, निरनिराळ्या जाडीच्या तंगुसाची ७ बंडले, शिशाचे गोळे, बुचे, चिमटे, कात्र्या आणि कशासाठी घेतली होती हे आता आठवत नाही अशी पितळी कड्यांची एक डबी. पत्नी केरसुणी हातात घेऊन उभी होती. ती काहीच बोलली नाही. ती बोलली असती तर मी वाद घातला असता. न बोलल्यामुळे विचार करणे भाग पडले.

विजयदुर्गापाशी समुद्राला मिळणाऱ्या वाघोटणच्या खाडीकाठी मी वाढलो, आणि तिच्याच काठच्या एका शाळेत मुलांना शिकवतो. मासे धरायला मला वडिलांनी शिकवले. त्यांच्याजवळ काठी नव्हती. हातभर फळीच्या तुकड्याला गुंडाळलेला तंगूस, टोकाला एक गरी, तिच्यावर वीतभर अंतरावर शिशाचा एक तुकडा आणि करवंटीत थोडी कोळंबी, एवढा त्यांचा सारा संसार. रविवारी दुपारी चहा झाला की ते खुंटीवरची फळी काढीत आणि माझ्याकडे एकदा बघत. चल म्हणण्याचीदेखील गरज नसे. संध्याकाळी घरी येताना कधी चारसहा खरब्या असत, कधी एखादी शेंगटी, कधी काहीच नसे. परंतु 'काहीच मिळाले नाही' असे म्हटलेले मी त्यांच्या तोंडून ऐकलेले नाही. 'आज पाणी छान होते,' असे ते आईला सांगत. आई बिचारी डाळ शिजत टाकी.

त्या फळीपासून या पेटीपर्यंत मी कसा आलो, हे पाहू गेले तर वाटेत कोठेही मोठा अपराध दिसत नाही. नोकरी लागली तेव्हा पहिली काठी घेतली, कारण फळीवरच्या तंगुसाने गरी लांब जात नसे. काठीला रीळ हवे म्हणून रीळ घेतले. खाऱ्या पाण्याने ते अडकू लागले म्हणून दुसरे, जरा भारी, घेतले. जिवंत आमिषाची खटपट नको म्हणून नकली मासे आले. एका वेतनफरकाच्या रकमेतून तिसरे रीळ आले. प्रत्येक वस्तू घेताना तिच्यापुरते कारण होते. सगळ्या वस्तूंना मिळून मात्र काहीच कारण नव्हते. मला वाटते, माणसाच्या घरात पसारा होतो तो असाच. तो मूर्खपणातून होत नाही. एकेका शहाणपणाची बेरीज करता करता होतो.

या पेटीने माझ्याकडून काय नेले, याचा उलगडा मला एका चतुर्थीला झाला. पाऊणकीचा पाढा आता शाळेत कोणी घोकत नाही, पण खाडीने तो अजून सोडलेला नाही. तिथीची पाऊणपट करा, भरती पुरी होण्याची वेळ ढोबळमानाने हाती येते. अमावास्येला बाराच्या सुमारास, चतुर्थीला तीनच्या, अष्टमीला सहाच्या. पाणी चढत असते तेव्हा मासा त्याच्याबरोबर कांदळवनाच्या मुळांपर्यंत चरायला येतो, आणि गरी टाकणाऱ्याची घटका तीच. त्या चतुर्थीला मी दीड वाजताच काठावर हजर होतो. पेटी उघडली. कोणती काठी? ऊन लख्ख होते, मग नकली मासा रुपेरी की हिरवा? रुपेरी बांधला, चार वेळा फेकला, मनाला पटेना. सोडून हिरवा बांधला. रिळावर तंगूस सैल गुंडाळला गेला होता, त्याचे जटिल झाले. ते सोडवत बसलो. माझ्यापासून वीस हातांवर शेजारच्या वाडीतले एक वृद्ध गाबीत आजोबा हातातली दोरी बोटांवर तोलून उकिडवे बसले होते. त्यांच्या टोपलीत पाच खरब्या आणि एक तांबोशी होती. काही वेळाने ते उठले, दोरी गुंडाळली आणि जाता जाता म्हणाले, "गुरुजी, पाणी फिरला. तुमची बांधाबांध अजून चललीच हा?"

मी वर पाहिले. खरोखरच पाण्यावरचा पाचोळा समुद्राकडे निघाला होता. दीड तास मी खाडीच्या काठी होतो आणि खाडीकडे पाहिलेच नव्हते. माझी दृष्टी पेटीत होती.

मासे मिळाले नाहीत याचे मला वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. घरी येताना माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, चौथ्या प्रकारचा नकली मासा असता तर! साधने वाढली की माणसाला अपयशाची सबब आयती मिळते. वडिलांजवळ एकच गरी होती, तेव्हा मासा लागला नाही तर त्यांना पाण्याचा, वाऱ्याचा, तिथीचा, नाहीतर स्वतःच्या घाईचा विचार करावा लागे, आणि हा विचार करता करता ते खाडी शिकले. मी मात्र प्रत्येक रिकाम्या संध्याकाळीनंतर दुकान शिकलो. शाळेतही मी हे रोज पाहतो. ज्या मुलाच्या कंपासपेटीत सात पेने असतात, त्याचा निबंध पेन बदलण्यात अडतो. आणि मला तरी हसायला काय तोंड आहे? माझ्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित साध्या वहीत तीन महिन्यांत झाले. पुढे चांगले टेबल, चांगला दिवा, संदर्भाची कपाटे आली, आणि एक कादंबरी सहा वर्षे रखडली.

परंतु सर्वांत मोठी किंमत मी मोजली नव्हती, माझ्या मुलाने मोजली होती. तो आठ-नऊ वर्षांचा असताना मी पेटी उचलली की दाराशी येऊन विचारी, "बाबा, मी येऊ?" मी म्हणे, "आज नको. गुंता होईल." कधी नेलेच तर सारा वेळ 'त्याला हात लावू नको', 'गरी बोटात जाईल', 'ते रीळ महागाचे आहे' हीच वाक्ये. घरात एकेक मौल्यवान वस्तू येते तेव्हा तिच्याबरोबर 'हात लावू नको' हे वाक्यही येते, आणि ते बहुधा आपल्या सर्वांत जवळच्या माणसाला ऐकावे लागते. वडील माझ्याकडे नुसते बघत आणि मी निघे. माझा मुलगा तोंडाने विचारी आणि मी नको म्हणे. दोन पिढ्यांमधले हे अंतर केवढे होते? त्या पेटीएवढे. पुढे त्याने विचारणे सोडून दिले. केव्हा सोडले, ते माझ्या लक्षातही आले नाही.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. नाथांनी याच स्कंधावर टीका रचून ती १५७३ साली काशीत पुरी केली, त्यामुळे मराठी माणसाला हे गुरू घरचे वाटतात. त्यांतल्या तिघांची आठवण त्या संध्याकाळी मला झाली. पहिला मासा. जिभेच्या लोभाने तो गळाला लागतो आणि प्राणाला मुकतो. दुसरा कुरर पक्षी. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडत होते. तुकडा टाकला आणि तो सुखी झाला. तिसरा बाण करणारा कारागीर. तो आपल्या कामात इतका गढलेला की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली, तरी त्याला पत्ता नाही. हे तिघे मी लहानपणापासून ऐकत आलो, पण ते एका ओळीत उभे राहिलेले त्या दिवशी प्रथम दिसले. आमिष पाहून गळाला लागलेला मासा मीच होतो. फक्त माझे आमिष दुकानाच्या काचेमागे टांगलेले होते. आणि त्या कारागिराची तल्लीनता मला हवी असेल, तर तिचा रस्ता कुरराच्या चोचीवरून जात होता. आधी काहीतरी खाली टाकायला हवे.

म्हणून अंगणात पसरलेल्या सामानातून मी एक तंगूस, दोन गऱ्या (एक तुटली तर दुसरी) आणि शिशाचा एक तुकडा बाजूला काढला. वडिलांची फळी कधीच हरवली होती. फणसाची नवी तासून घेतली. बाकीचे वाटून टाकले.

आता वाचक अपेक्षा करतील की, यानंतर मला पूर्वीपेक्षा जास्त मासे मिळू लागले. तसे काही झाले नाही. जवळपास तितकेच मिळतात, आणि मोठा मासा तर हातच्या दोरीला फार क्वचित येतो. एकदा एक जड तांबोशी बोट कापून दोरीसकट गेली, तेव्हा मला त्या रिळाची आठवण आली, हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु एक फरक पडला. तंगूस बोटावर असला की तळाशी काय चालले आहे ते कळते. खेकडा आमिष ओढतो तो कसा, खरबी हिसका देते तो कसा, नुसता प्रवाह दोरीला कंप देतो तो कसा, हे काठीच्या टोकाकडे बघून मला वीस वर्षांत समजले नव्हते. खाडीवरून येऊन रिळे गोड्या पाण्याने धुवायची, पुसायची, तेल द्यायचे हा विहिरीवरचा अर्धा तासही वाचला. तो मी काठावरच खर्च करतो.

तरीही या साधेपणाचे फार कौतुक करू नये, असे मला हळूहळू वाटू लागले आहे. भारी रीळ मी त्या गाबीत आजोबांना भीतभीतच देऊ केले होते. मला वाटले, एका दोरीवर संतुष्ट असलेला हा माणूस मला हसेल. त्यांनी ते हातात घेतले, दोनदा फिरवून पाहिले आणि म्हणाले, "माका ह्या होयाच होता." त्यांची एक गरी हे वैराग्य नव्हते, ती गरज होती. ज्याचे पोट दोरीवर आहे, त्याला चांगले साधन मिळालेच पाहिजे. कमी करण्याचे सुख ज्याच्याजवळ जास्त आहे त्यालाच परवडते. हे विसरून आपण गरिबाच्या अभावाला अपरिग्रह म्हणू लागलो, तर तो आपला दंभ होईल.

शिवाय साधेपणाचाही बाजार मांडता येतो. जपानच्या डोंगरी ओढ्यांवर 'तेन्कारा' नावाची जुनी पद्धत आहे. लांब काठी, तिच्या टोकालाच बांधलेला दोरा, दोऱ्याला पिसा-धाग्याची एक माशी, बस्स. रीळ नाही. ओढ्यावर मासे धरून विकणाऱ्या लोकांची ही रीत. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत परदेशातल्या हौशी लोकांना तिचा शोध लागला, आणि आता तिच्यासाठी खास काठ्या, खास पिशव्या, खास दोरे विकत मिळतात! आणि बाजार नसला तरी अहंकार आहेच. ग्रीसमधल्या डायोजेनिसने एका मुलाला ओंजळीने पाणी पिताना पाहून आपला पेला फेकून दिला, ही कथा आपण मुलांना सांगतो. परंतु त्याच्याविषयी दुसरीही एक कथा आहे. प्लेटोच्या घरचे गालिचे तुडवत तो म्हणाला की, मी प्लेटोचा गर्व तुडवतो आहे. त्यावर त्याला उत्तर मिळाले की, हो, पण दुसऱ्या एका गर्वाने. फणसाची फळी घेऊन खाडीवर जाताना काठीवाल्या तरुणांकडे मी तिरप्या नजरेने पाहतो, तेव्हा ही दुसरी कथा मला आठवावी लागते.

आणि तो मासा? त्याच्या जिवाचा प्रश्न गऱ्या कमी करून सुटत नाही. त्याला माझ्या तत्त्वज्ञानाशी कर्तव्य नाही. एवढेच म्हणता येईल की, हातच्या दोरीतून त्याची धडपड थेट बोटात येते, आणि ती जाणवल्यानंतर घरात लागतील तेवढ्यापलीकडे धरण्याची इच्छा राहत नाही. रिळाच्या दांड्यातून ती मला जाणवत नव्हती.

तेव्हा किती वस्तू असाव्यात, हा प्रश्नच मला आता गौण वाटतो. जी वस्तू मला पाण्याजवळ नेते ती ठेवावी, जी माझ्या आणि पाण्याच्या मध्ये उभी राहते ती सोडावी. आजोबांना रीळ पाण्याजवळ नेते, मला दूर ठेवत होते. वस्तू तीच. म्हणून दुसऱ्याची पेटी मोजण्याचा अधिकार कोणालाच नाही. प्रत्येकाने आपली अंगणात पसरावी.

माझा मुलगा यंदा बारावी होऊन शिकायला रत्नागिरीला गेला. गणपतीत घरी आला तेव्हा खुंटीवर दोन फळ्या टांगलेल्या होत्या. एक माझी, दुसरी मी तयार करून ठेवलेली. मी काही बोललो नाही. बोलण्याचा हक्क मी बऱ्याच वर्षांपूर्वी घालवला होता. चहा झाल्यावर माझी फळी काढली आणि त्याच्याकडे एकदा बघितले. तो जरा घुटमळला, हातातला मोबाइल खिशात टाकला आणि निघाला.

काठावर पोचून दहा मिनिटे झाली नसतील, त्याने दोरी फेकली ती माझ्या दोरीवर पडली आणि दोहोंचा भला मोठा गुंता झाला. तो घाबरून माझ्या तोंडाकडे पाहू लागला. सतरा वर्षांचा मुलगा, पण तेवढ्यापुरता आठ वर्षांचा झाला. मी म्हटले, "बस. सोडवू." आम्ही समोरासमोर बसलो आणि एकेक पीळ सोडवू लागलो. तो कॉलेजच्या गोष्टी सांगू लागला. तिथली खानावळ, खोलीतले मित्र, गणिताची वाटणारी भीती. पाणी केव्हा फिरले ते दोघांनाही कळले नाही.

घरी आलो तेव्हा पत्नीने विचारले, "काय मिळाले?"

"आज पाणी छान होते," मी म्हणालो, आणि तिने डाळ शिजत टाकली.